पाणी : जिवंत

कुरणीच्या लोकांनी बेडकाला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, तेव्हा हेमांगी पुण्यात आपल्या टेबलाशी बसून डबा खात होती. आक्कानं फोनवर सगळा सोहळा साग्रसंगीत सांगितला आणि हेमांगी पोट धरून हसली. हसण्याच्या नादात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. प्रश्न अगदी साधा होता: नारळ कशासाठी?

बेडूक म्हणजे यंत्र. सरकारदरबारी त्याचं नाव 'जलसाक्षी'. पण घागरीएवढा हिरवा गोळा, डोहात अर्धा बुडालेला आणि वर सूर्यप्रकाश पिणारे दोन काळे डोळे, असं त्याचं रूप असल्यावर कोण त्याला जलसाक्षी म्हणणार? बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावोगावी तो बेडूक झाला. त्याच्यापासून काठावरच्या खांबापर्यंत तार आणि खांबावर उजळणाऱ्या अक्षरांची पाटी. २०४१ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या चौदाशे नदीकाठांवर आणि तळ्यांवर असे बेडूक बसले. पाटीवर कुठले शब्द उमटायचे ते हेमांगी दुधाणेनं ठरवलं होतं. प्रकल्पात ती भाषा अधिकारी होती. शास्त्रज्ञ बोलतात ते चार माणसांना कळेल अशा मराठीत आणायचं, हे तिचं काम.

बेडकांची गरज का पडली, ते त्या वर्षी शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. जंतू औषधांना दाद देईनासे झाले होते. वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या शेडमधून, दवाखान्यांच्या गटारांतून, औषधांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून प्रतिजैविकं थोडी थोडी नद्यांत उतरत राहिली. जंतूंना मारायला ती अपुरी होती, पण शिकवायला पुरेशी होती. आणि जंतूंची रीत अशी, की एकाला साधलेली युक्ती तो स्वतःपाशी ठेवत नाही. त्याच्या पोटात जनुकांचं एक लहानसं कडं असतं, त्याची नक्कल तो शेजाऱ्याला देऊन टाकतो, मग शेजारी दुसऱ्या जातीचा का असेना. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावं आणि महिन्याभरात सगळ्या आळीच्या दह्याला एकच चव यावी, तसं हे चालतं. नदीत गुरांचे, माणसांचे, मातीतले असे सगळेच जंतू एकत्र नांदतात, त्यामुळे ही देवाणघेवाण तिथे जोरात होते.

आधीची यंत्रं पाण्यातली ही जनुकं नुसती वाचायची. पण जंतू मेला तरी त्याची जनुकं काही काळ पाण्यात तरंगत राहतात. टाकीत क्लोरीन टाकून जंतू मारले तरी यंत्र आपलं बोंबलत राहायचं. लांडगा आला रे आला, असं दहादा झाल्यावर लोकांनी त्यांच्याकडे बघणंच सोडलं. जलसाक्षीची करामत इथे होती. तो पाण्याच्या थेंबात औषध घालायचा आणि बरोबर, खाल्ला की चमकणाऱ्या साखरेचा कण. औषध पचवून जो जंतू साखर खाई, तो चमके. जो चमकला तो जिवंत. नुसती जनुकं सापडली पण कुणी चमकलं नाही, तर मृत. मृत असतील तर भीती नाही, जिवंत असतील तर त्या पाण्याला हात लावू नका, इतका तो निकाल सरळ होता.

हेमांगीनं लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं: 'औषधाला न जुमानणारे जंतू जिवंत आहेत. पाणी पिऊ नका.' मग कळलं की पाटीवर चौदाच अक्षरं बसतात. तिनं ते 'जंतू : जिवंत' एवढ्यावर आणलं. मग वरच्या बैठकीत कुणालातरी 'जंतू' हा शब्द खुपला. काठांवर जत्रा भरतात, पाहुणे येतात, लोक बिथरतील. त्याऐवजी 'पाणी' घाला. हेमांगी दोन दिवस भांडली. तिचे साहेब, सबनीस, म्हणाले की लाल-हिरवा दिवा असणारच आहे, शब्दावाचून कुणाचं अडणार नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सही केली. दिवे मात्र सगळ्या पाट्यांना एकाच रंगाचे आले, पिवळे.

तर अशी कुरणीच्या डोहावर पाटी उजळली, पाणी : जिवंत.

आता आपल्याकडे विहीर खणताना जिवंत झरा लागला की पेढे वाटतात. जिवंत पाणी म्हणजे आतून पाझरणारं, न आटणारं, गोड पाणी. साचलेलं, बांधलेलं ते मेलेलं. हे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. हेमांगीनंही लहानपणी हा शब्द शंभरदा ऐकला होता. पण पंधरा वर्षं ती प्रयोगशाळेच्या माणसांत वावरली होती आणि तिथे जिवंत या शब्दाला एकच अर्थ होता. दुसरा अर्थ तिच्या डोक्यातून कधी पुसला गेला, तिला समजलंच नाही. कुरणीच्या म्हाताऱ्यांनी मात्र माना डोलावल्या. डोहाच्या तळाशी झरा आहे असं ते पूर्वीपासून सांगतच होते, आता सरकारी यंत्रानंही तेच सांगितलं. म्हणून नारळ. वरच्या अंगाच्या एका गावात तर औषध टाकलेल्या टाकीच्या पाटीवर 'पाणी : मृत' आलं, तेव्हा तिथल्या बायका टाकीचं पाणी ओतून देऊन नदीवर जाऊ लागल्या.

फोन आला रविवारी दुपारी. आक्काची शेजारीण यमुनाबाई बोलत होत्या. आक्काला चार दिवस ताप आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलंय, आणि यमुनाबाईंच्या सुनेला, महादेवीला, आक्काच्याही दोन दिवस आधीपासून तिथेच ठेवलंय. "लौकर ये," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आक्का म्हणजे हेमांगीची थोरली बहीण, रत्नाबाई. दोघींत एकोणीस वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा हेमांगी पाच वर्षांची होती. आक्कानं तिला आपल्या सासरी, कुरणीत आणलं आणि शाळेत घातलं. आक्का स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. हेमांगी घरी येऊन 'ग गवताचा' म्हणू लागली, तशी आक्का भाकरी थापता थापता तिच्यामागून म्हणू लागली. पहिलीचं पुस्तक दोघींनी मिळून संपवलं. पंचविशीत वाचायला शिकलेल्या माणसाला वाचनाची जी भूक असते, ती आक्काला होती. एसटीच्या पाट्या, भज्यांचा कागद, खताच्या पोत्यावरची सूचना, काही म्हणून ती सोडत नसे. पुढे विधवा झाली, एकटी पडली, पण गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं, नोटिसा, औषधांच्या चिठ्ठ्या तीच वाचून द्यायची. डोहावरची पाटी रोज सकाळी मोठ्यानं वाचण्याचं कामही तिनं आपणहून पत्करलं होतं.

दवाखान्यात आक्काचा हात हातात घेतला तर तो तव्यासारखा तापलेला. डॉक्टर निलोफर मुजावर खाटेपाशी उभ्या होत्या. वयानं हेमांगीएवढ्याच, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी आक्काला विचारलं की पाणी कुठलं पिता.

"डोहाचं," आक्का म्हणाली. "जिवंत पाणी. पाटीवरच लिवलंय की." मग तिनं तापानं तांबारलेले डोळे हेमांगीकडे वळवले आणि हसली. "ही माझी भन. हिनंच लिवलंय ते. समद्या गावाला सांगितलंय मी, माझ्या हेमाच्या हातचं हाय, बिनघोर प्या."

नारळाचा अर्थ हेमांगीला त्या क्षणी कळला. ती डॉक्टरांमागून व्हरांड्यात आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरला आहे. सात औषधं करून पाहिली, एकानंही त्याला धक्का लागला नाही. उरलं फक्त 'राखीव'. हे औषध नवं होतं आणि मुद्दाम कमी वापरात ठेवलं होतं, कारण सर्रास वापरलं तर जंतू तेही शिकतील. साठा तुटपुंजा, म्हणून कुणाला द्यायचं ते समिती ठरवी. नियमही होता. ज्या पाणवठ्यावर जलसाक्षीनं इशारा दिला होता तिथलं पाणी ज्यानं प्यायलं, त्याच्या कागदावर 'इशारा डावलला' असा शिक्का बसे आणि त्याचा विचार सगळ्यांत शेवटी होई. गेल्या वर्षी या नियमाचा मसुदा वाचताना हेमांगीला तो रास्त वाटला होता.

"कुरणीची पाटी एकोणीस दिवस इशारा देत होती, तशी नोंद आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या कागदावर शिक्का बसला आहे. महादेवीच्याही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की नियमात एक सवलत आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला इशारा लागू होत नाही. एक छापील अर्ज आहे, त्यावर अंगठा असला की झालं, या आठवड्याचं औषध पक्कं. "खेड्यातल्या साठीच्या बाईचा अंगठा पाहून कुणी शंका घेणार नाही. मीही विचारणार नाही."

महादेवीचं काय, असं हेमांगीनं विचारलं. ती बारावी झालेली, शाळेचा दाखला नोंदीत होता. तिला ती सवलत नव्हती.

हेमांगीनं अर्ज घेतला, शाईचं पॅड घेतलं. आपण करतोय ते खोटं आहे याचं तिला त्या घडीला काही वाटत नव्हतं. आक्का जगली पाहिजे, एवढंच वाटत होतं. आक्काचा डोळा लागला होता. हेमांगीनं तिचा डावा हात हळूच उचलला, अंगठा पॅडवर टेकवला, तोच आक्का जागी झाली.

"काय हाय ते? आण हिकडं. वाचल्याबिगर मी कुठं काय उठवत न्हाई." तिनं उशाखालचा चष्मा काढून लावला, कागद नाकाशी धरला आणि सवयीप्रमाणं ओठ हलवत वाचू लागली. एका शब्दापाशी ती अडली. "नि... र... क्ष... र." पुन्हा सगळा कागद वरपासून वाचला. मग चष्म्यावरून हेमांगीकडे पाहिलं.

"मला वाचता येत न्हाई, असं लिवलंय ह्यात. मग हे आत्ता वाचलं कुणी?"

"आक्का, औषध मिळंल गं. नुसता अंगठा दे."

"माझं काय चुकलं ते तर सांग. पाटीवर जिवंत हुतं, मी जिवंतच वाचलं. काना-मात्रा सोडली न्हाई."

तेव्हा हेमांगीनं सांगितलं. खाटेच्या कडेवर बसून, आक्काच्या तोंडाकडे न बघता, सगळं सांगितलं. जिवंत म्हणजे झरा नव्हे, जंतू. पाणी पिऊ नका असं सांगायचं होतं. पाटीत बसत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं.

"पाणी नासलंय," शेवटी आक्का म्हणाली. "एवढं बसलं नसतं व्हय?"

हेमांगीनं बोटांवर मोजलं. सहा अक्षरं. 'पिऊ नका' जोडलं तर दहा. चार उरत होती. ती रडायला लागली, आणि आक्कानं तिला रडू दिलं. लहानपणी जसं पदरानं तोंड पुसायची तसं यावेळी पुसलं नाही.

"म्हंजे मी वाचलं बराबर," आक्का म्हणाली. "लिवताना चुकलं. मग अंगठा मी का म्हणून देऊ? सांग की त्यास्नी, लिवणारनीची चूक हाय म्हणून. आन् महादेवीचं काय? तिनं तर पाटीकडं मान वर करूनबी बघितलं न्हाई. माझ्या तोंडचं ऐकून ती घागर घेऊन गेली." अंगठ्याला लागलेली शाई तिनं चादरीला पुसली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

सोमवारी सकाळी हेमांगीनं सबनीसांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांनाही धक्का बसला, शब्द आजच बदलू म्हणाले. पण गाजावाजा नको. "ध चा मा झाला असं आपणच जगजाहीर केलं, तर पुन्हा कुठल्याही पाटीवर लोक विश्वास ठेवणार नाहीत," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती. इशारा चुकीचा ठरला तर शिक्का बसलेला प्रत्येक रोगी पुन्हा ओळीत येईल. विभागासाठी या आठवड्यात सव्वीस जणांना पुरेल एवढंच राखीव येणार आहे. अंगठा दिला तर तुझ्या बहिणीचं औषध पक्कं आहे. कबुली दिलीस तर ती ओळीत कुठे जाईल, याचा विचार केलास का?

विचार केला होता. तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. आक्काला न विचारता, ती झोपेत असताना अंगठा उमटवता येईल, हाही विचार केला होता. सकाळपासून दोनदा ती पॅड घेऊन खाटेपर्यंत जाऊन आली होती. दोन्ही वेळा आक्का जागी होती, आणि दोन्ही वेळा हेमांगीला वाटलं की ती मुद्दाम जागी आहे.

शेवटी व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं समितीला चार ओळी लिहिल्या. पाटीवरचा शब्द मी दिला. तो चुकीचा आहे. लोकांनी तो बरोबर वाचला आणि म्हणूनच पाणी प्याले. शिक्के काढावेत. खाली नाव आणि हुद्दा. पाठवून झाल्यावर तिनं फोन पिशवीत टाकला. संध्याकाळी चौदाशे पाट्यांवर नवे शब्द आले, आक्काचेच. मंगळवारी कचेरीतून निरोप आला की पुढची सूचना मिळेपर्यंत कामावर येऊ नये.

शिक्के मंगळवारीच निघाले. व्हरांड्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर नवी ओळ झळकली, नावं नव्हती, खाटेचा क्रमांक आणि त्याच्यापुढे ओळीतला आकडा. आधी आजारी पडला तो आधी, असा क्रम. महादेवीची खाट आठ, आकडा एकोणीस. आक्काची खाट बावीस, आकडा एकतीस.

औषधाची गाडी शुक्रवारी येणार होती. यमुनाबाई बाकावर हेमांगीशेजारीच बसून असत. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडेही धड लागत नव्हते, म्हणून तासातासाला त्या विचारत, "आमचा आकडा किती?" हेमांगी सांगे एकोणीस. यमुनाबाई हात जोडत. सव्वीसात एकोणीस बसतो, एवढं त्यांना कुणीतरी समजावलं होतं.

आपला आकडा सव्वीसात कसा बसणार, हे हेमांगीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ओळीतून पुढचं कुणी गळल्याशिवाय ते होणार नव्हतं. बुधवारी सकाळी एकतीसाचे तीस झाले आणि तिला हायसं वाटलं. पाठोपाठ मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ठरवलं की पडद्याकडे बघायचंच नाही. दहा मिनिटांत पुन्हा बघितलं. दुपारी एकोणतीस. आतून कुणाच्यातरी रडण्याचा आवाज आला, तेव्हा तिच्या मनात पहिलं काय आलं, तर ही खाट बाविसाच्या पुढची होती की मागची. अशी आपण कधी झालो, असं तिनं स्वतःला विचारलं. ज्यांच्या जाण्याकडे ती डोळे लावून बसली होती, त्यातल्या कितीजणांनी तिचाच शब्द वाचला होता, याचा हिशेब तिला करवत नव्हता. गुरुवारी सकाळी आक्काचा आकडा सत्तावीस होता, आणि आक्का आता माणसं ओळखत नव्हती.

गुरुवारी चारच्या सुमारास पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा उजळला. खाट बावीस, आकडा सव्वीस. हेमांगीनं डोळे मिटून घेतले. देव-बीव न मानणारी बाई, पण कुणाला तरी उद्देशून तिनं हात जोडले. आक्का वाचली, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि ते सुख इतकं मोठं होतं की त्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

यमुनाबाई चहा घेऊन आल्या. एक कप हेमांगीच्या हातात दिला, शेजारी टेकल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "आमचा आकडा किती झाला गं?"

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. सात होती, नऊ होती. आठ नव्हती. तिनं वरून खाली सगळी ओळ पाहिली, मग खालून वर पाहिली.

"दिसत न्हाई, मावशी," ती म्हणाली.

"दिसत न्हाई कसं? नीट बघ की."

तिनं पुन्हा बघितलं. यमुनाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर मुजावर बाहेर आल्या आणि यमुनाबाईंना हाक मारली. यमुनाबाईंनी हातातला कप काळजीपूर्वक बाकाखाली ठेवला आणि त्यांच्या मागून आत गेल्या.

शुक्रवारी आक्काला औषध मिळालं. चौथ्या दिवशी ताप उतरला. दहा दिवस ती महादेवीबद्दल विचारत होती आणि दहा दिवस हेमांगी तिला वेगळ्या वॉर्डात ठेवलंय असं सांगत होती. खरं कळलं तर आक्का सुई टोचून घेणार नाही, अशी तिला भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. घरी परतताना गाडीत तिनं सांगितलं. आक्कानं सगळं ऐकलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, आकडा किती होता, एवढं विचारलं. मग खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्यावर पाट्या येत होत्या, जात होत्या. आक्काचे ओठ एकदाही हलले नाहीत.

हेमांगी कुरणीतच राहिली. जायला कचेरी नव्हती आणि आक्काला एकटीला सोडवत नव्हतं. आक्का उठून बसू लागली, चूल पेटवू लागली, पण डोहाकडे गेली नाही. चष्मा दिवळीत पडून होता. बायका औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या, तर ती म्हणाली डोळे दुखतात.

श्रावण लागल्यावर एका सकाळी यमुनाबाई आल्या. दवाखान्यानंतर त्या या घरात आल्या नव्हत्या. उंबऱ्याच्या आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि पदराखालून एक लांबट पाकीट काढलं. सरकारी होतं, कालच्या टपालानं आलेलं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावंसं वाटलं नाही, म्हणाल्या. पाकीट त्यांनी आक्काच्या पुढ्यात धरलं.

आक्कानं पाकिटाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"मला वाचता येत न्हाई, यमुने," ती म्हणाली.

यमुनाबाईंचा हात तसाच राहिला. मग हेमांगीनं पुढे होऊन पाकीट घेतलं, फोडलं आणि वाचायला लागली. सरकारी मराठी होतं, हेमांगी स्वतः लिहायची तसंच. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मयत महादेवी हिच्या नोंदीतील 'इशारा डावलला' हा शेरा, सदर इशारा सदोष असल्याचे सिद्ध झाल्यामुळे, मूळ तारखेपासून रद्द समजण्यात यावा. खाली सही, शिक्का.

"म्हंजे काय?" यमुनाबाईंनी विचारलं.

हेमांगीनं कागद मांडीवर ठेवला. आक्का चुलीकडे तोंड करून बसली होती, पण तिची पाठ ऐकत होती.

"म्हंजे महादेवीची चूक नव्हती," हेमांगी म्हणाली. "तिला कुणी धोक्याचं सांगितलंच नव्हतं. आक्काचीबी चूक नव्हती, तिनं जे लिवलं हुतं तेच वाचलं. चूक माझी हुती, मावशी. पाटीवरचं मी लिवलं हुतं."

यमुनाबाईंनी कागद मागून घेतला. त्यावरच्या ओळींवरून, उलट्या धरलेल्या कागदावरून, त्यांनी बोट फिरवलं. मग तो पुन्हा हेमांगीच्या हातात दिला.

"हे जे आत्ता बोललीस ते," त्या म्हणाल्या, "ते ह्यात लिवलंय का?"

"न्हाई."

"मग लिव. खाली जागा हाय."

हेमांगीनं पेन शोधलं आणि शिक्क्याखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. लिहून झाल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "आता वाच." तिनं वाचलं. त्यांनी त्या नव्या ओळींवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "परत वाच."